जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा: टाकी उघडण्याआधी काय बघायचं

आधी लक्षणं

तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय होतंय ते पहिल्यांदा ठरवा. निम्मा शोध तिथंच संपतो.

- चावी फिरवली तरी काटा हलत नाही, ‘ई’वर (रिकाम्या टाकीची खूण) पडून राहतो.
- टाकी जवळपास कोरडी आणि काटा ‘एफ’ला (भरलेल्या टाकीची खूण) चिकटलेला. यात माणूस रस्त्यात अडकतो, म्हणून मी याला सगळ्यात वाईट समजतो.
- काटा नीट उतरत येतो आणि पाव-अर्ध्याच्या दरम्यान एका ठरावीक जागी धाडकन पडतो. खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा वर येतो.
- ब्रेक दाबला किंवा इंडिकेटर लावला की काटा सरकतो.
- पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतात किंवा एकदमच मरतात.
- टाकी गच्च भरली तरी काटा पाऊणच्या वर चढत नाही.
- पेट्रोल भरलं की काटा खाली येतो, संपत आलं की वर जातो.

घाटाच्या चढाला किंवा वळणावर काटा मागंपुढं होतो, हे मात्र दुखणं नव्हे. चोर्ल्याच्या चढाला टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि त्यावर तरंगणारा फ्लोट त्याच्याबरोबर जातो. सपाटीला आल्यावर काटा मूळ जागी परत येत असेल तर कशालाही हात लावू नका.

आमच्या घरी वडिलांची १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर आहे, मार्क टू. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात आम्ही गोव्याहून परत येत होतो. कणकुंबीच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन बंद पडली. काटा अर्ध्यावर, म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नाही असं मी धरून चाललो. छत्री धरून पॉइंट घासले, प्लग काढले, कार्ब्युरेटरची झाकणी उघडली. आई मागच्या सीटवर पदर डोक्यावर घेऊन बसलेली. तास गेला. शेवटी मामांनी टाकीचं झाकण काढलं, गाडी हलवून कान लावला आणि म्हणाले, “अरे, पेट्रोलच नाही की यात. काय बघायलायस मघापासनं?” एका टेम्पोवाल्यानं मला जांबोटीपर्यंत नेलं, पेट्रोल घेऊन परत यायला अंधार पडला.

त्या रात्रीनंतर मी या काट्याच्या मागं लागलो. आमची गाडी झाली, मग ओळखीतल्या लोकांच्या झाल्या: शहापुरातली एक पद्मिनी, खानापूरच्या जीपा, निपाणी-संकेश्वरकडच्या अ‍ॅम्बेसेडर. इतक्या वेळा हे काम केल्यावर एक गोष्ट ठाम सांगतो. लोक सगळ्यात आधी नवीन मीटर आणतात आणि दोष निघतो एखाद्या गंजलेल्या स्क्रूखाली.

त्याचं कारण आपल्या हवेत आहे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, आणि जुनी गाडी त्या दिवसांत बहुधा उभीच असते. तांब्यापितळेच्या टोकांवर हिरवा कळंक चढतो, लोखंडावर गंज. कळंक चढला की करंट अडतो, आणि या मीटरला करंट लागतो तो इतका थोडा की जरासा अडथळाही त्याला पुरतो.

हे चालतं कसं, ते चार ओळींत

टाकीत एका दांड्याच्या टोकाला फ्लोट असतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकते. फ्लोट वर-खाली झाला की वेटोळ्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो. फ्लोट, दांडा आणि वेटोळं मिळून टाकीतलं युनिट. करंट बॅटरीतून फ्यूजमधून मीटरला, मीटरमधून लांब तारेनं डिकीकडे, वेटोळ्यातून टाकीच्या पत्र्याला आणि पत्र्यातून चासीमार्गे परत बॅटरीला जातो. परतीच्या वाटेला वेगळी तार बहुतेक गाड्यांत नसतेच, गाडीचा पत्रा हीच तार. या परतीच्या वाटेलाच अर्थ (अर्थिंग) म्हणतात. पुढच्या सगळ्या तपासण्या म्हणजे या वाटेवर एकेक टप्पा चालत जाणं.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिलं काम: टाकीत खरोखर किती पेट्रोल आहे ते कळलं पाहिजे. नळी सरळ असेल तर स्वच्छ, सुकी बांबूची कामटी आत सोडून बघा. नळी वाकडी असेल तर कामटी अडकून मोडेल, तसं करू नका. गाडी चालवून पेट्रोल कमी करा आणि मग मोजून पाच लिटर घाला. खरा आकडा माहीत नसताना काटा चूक दाखवतोय असं म्हणायला आधार राहत नाही. मी पूर्वी दोनदा असाच चांगला काटा बिघडलेला समजून उघडला आहे.

दुसरं: शेजारचे काटे बघा. पेट्रोलबरोबर टेंपरेचरचा काटाही मेला असेल तर डिकीकडे जायची गरज नाही, दोष डॅशबोर्डच्या बाजूला आहे. फ्यूज बघा. जुन्या काचेच्या फ्यूजची आतली तार शाबूत दिसते, पण टोकाची टोपी आणि क्लिप यांच्यामध्ये कळंक असतो. चावी बंद करून फ्यूज जागच्या जागी चार-पाच वेळा फिरवा. एवढ्यानं काटा उठल्याचं मी कितीदा पाहिलं आहे. उठला, तर क्लिपा पॉलिश पेपरनं घासून जरा आत दाबून घट्ट करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. फ्यूज जळालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा एकदाच घाला. तोही जळाला तर थांबा. जाड फ्यूज किंवा नुसती तार कधीही बसवू नका. फ्यूजपुढची तार पेट्रोलच्या टाकीपर्यंत जाते.

दोन्ही काटे जास्त दाखवत असतील तर स्टॅबिलायझरचा संशय घ्या, त्याबद्दल पुढं येतं.

अर्थ

आता डिकी उघडा, आणि उघडून अर्धा तास तशीच ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. विडी-सिगारेट, निरांजन, उघडा बल्ब, काही जवळ नको. पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा टाकीच्या युनिटभोवती ओल दिसत असेल तर पुढची कुठलीच तपासणी करू नका. आधी गळती बंद झाली पाहिजे, आणि ते काम मेकॅनिकचं.

वास नसेल तर एक दोन हात लांब तार घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा. चावी बंद ठेवून एक टोक टाकीतल्या युनिटच्या गोल चकतीला किंवा तिच्या एखाद्या स्क्रूला लावा. मधल्या टर्मिनलला नाही, चकतीला. दुसरं टोक चासीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी. मग दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. क्रम असाच ठेवायचा, कारण चावी चालू असताना क्लिप लावली तर ठिणगी पडू शकते आणि ती पडणार टाकीच्या तोंडाशी.

काटा बरोबर जागी आला, की रोग सापडला. अर्थ तुटला होता.

निपाणीकडची एक अ‍ॅम्बेसेडर आठवते. घरात लग्न म्हणून मालकांनी गाडीला नवा रंग दिला होता, आतून-बाहेरून अगदी मनापासून केलेलं काम. गाडी घरी आली आणि काटा ‘एफ’वर. त्यांनी एक मीटर बदललं, मग दुसरं. दोन्ही नवी मीटरं ‘एफ’च दाखवत होती. माझ्याबरोबर हुक्केरीचा एक पोरगा असायचा, त्यानं टेस्ट बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं टाकीच्या कानाला लावून बघितलं, बल्ब पेटेना. “अर्थ बरवल्दु नोड्री,” म्हणाला, म्हणजे अर्थच येत नाही बघा. रंगाऱ्यानं टाकी उतरवून तिचे कानसुद्धा रंगवले होते, चासीवरची बसकण रंगवली होती, मध्ये नवीन रबर घातलं होतं. रंग आणि रबर दोन्हीतून करंट जात नाही. टाकी तरंगल्यासारखी सगळ्यांपासून वेगळी झाली होती.

दुरुस्ती अशी: युनिटच्या एका स्क्रूखाली गोल थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) लावलेली तार घाला आणि दुसरं थिंबल चासीला बोल्टनं कसा. थिंबल बसणार तेवढी जागा, आठ आण्याच्या नाण्याएवढी, पॉलिश पेपरनं घासायची. घासताना आधी रंग जातो, मग तांबूस गंज, मग करडा पत्रा, आणि शेवटी पत्रा चकाकायला लागतो. करड्यावर थांबू नका, चकाकी येऊ द्या. खाली दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट कसा, आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा थर द्या म्हणजे ओल शिरत नाही. युनिटचा स्क्रू काढताना एका वेळी एकच काढा, सगळे ढिले केले तर पॅकिंग बसकण सोडतं आणि पेट्रोल झिरपायला लागतं.

ब्रेक दाबल्यावर काटा सरकण्याचं कारणही हेच. मागच्या दिव्यांचा अर्थ कमजोर असला की त्यांचा करंट मिळेल त्या वाटेनं परत जायला बघतो आणि टाकीच्या वाटेत घुसतो. दिव्यांच्या होल्डरचे अर्थही त्याच बैठकीत घासून घ्या.

काटा दोन्ही टोकांना जातो का

अर्थ ठीक असूनही काटा चुकत असेल तर आता मीटर, तार आणि टाकी यांतला दोषी वेगळा काढायचा.

आधी तुमचं मीटर कुठल्या जातीचं ते ओळखा. गाडीच्या नावावरून ओळखू नका. पन्नास वर्षांत कुणी काय बसवलंय सांगता येत नाही. चावी फिरवून काट्याकडे बघत राहा. पटकन उडी मारून जागेवर जाणारा काटा चुंबकी मीटरचा. सावकाश, दहा-वीस सेकंद घेत चढणारा काटा गरम होणाऱ्या पट्टीचा, म्हणजे बायमेटलचा. या दुसऱ्या जातीच्या ब्रिटिश धर्तीच्या मीटरमागं १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो.

चावी बंद करा. युनिटच्या मधल्या टर्मिनलची तार काढा, टोक कशाला टेकणार नाही असं टेपनं गुंडाळा. चावी चालू करून काटा कुठं जातो ते बघा. पुन्हा चावी बंद, आता तेच टोक टाकीपासून लांब, चासीला जोडा, आणि चावी चालू. सावकाश काट्याच्या मीटरला थेट चासी देऊ नका, मध्ये ३३ ओमचा २ वॉटचा रेझिस्टर घाला, रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. नाहीतर आतली पट्टी जास्त तापून कायमची वाकते.

सावकाश जातीत तार मोकळी असताना काटा ‘ई’ला आणि चासीला जोडल्यावर ‘एफ’कडे जायला हवा. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या चुंबकी मीटरमध्ये बरोबर उलटं: मोकळी तार म्हणजे ‘एफ’, चासी म्हणजे ‘ई’. टाकी कोरडी असताना ‘एफ’ दाखवणाऱ्या गाड्या बहुधा याच जातीच्या. तार तुटली किंवा अर्थ गेला की त्यांचा काटा भरलेली टाकी दाखवतो. निपाणीच्या गाडीत तेच झालं होतं.

जात कुठलीही असो, काटा दोन विरुद्ध टोकांना गेला तर मीटर आणि लांब तार दोन्ही निर्दोष, दोष टाकीतल्या युनिटचा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी राहिला तर टाकीला हात लावायचं कारण नाही, तार किंवा मीटर बघा. ही तपासणी एवढी महत्त्वाची अशासाठी की सगळ्यात धोक्याचं काम, टाकी उघडणं, करायचं की नाही ते इथं ठरतं.

तार बघायची तर मल्टीमीटर हवा, साधा तीन-चारशे रुपयांचा चालतो. मीटरकडचं आणि डिकीकडचं टोक सोडवून मोजा, एक ओमच्या आसपास यायला हवं. मूळ ब्रिटिश रंगांप्रमाणे टाकीकडे जाणारी तार हिरवी, तिच्यावर काळी रेघ. पण आपल्याकडच्या गाड्यांचं वायरिंग किती हातांखालून गेलेलं असतं, रंगावर भिस्त ठेवू नका. नुसती पिळून टेप गुंडाळलेली सांधणी दिसली की ती उघडा, आत काळी पडलेली तांब्याची तार सापडेल. सोल्डर करून स्लीव्ह चढवा. आणि गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याजवळ उभी राहत असेल तर मॅटखाली, सीटखाली उंदरानं कुरतडलेल्या जागा हातानं चाचपत जा.

काही गाड्यांत युनिटला दोन तारा असतात, एक काट्याची, एक रिझर्व्हच्या दिव्याची. उलट जोडल्या गेल्या तर काटा एका टोकाला पडून राहतो आणि रिझर्व्हचा दिवा कारण नसताना मिणमिणतो. या दोन खुणा एकत्र दिसल्या तर बाकी काही न करता तारा अदलाबदल करून बघा.

स्टॅबिलायझर

ही छोटी पत्र्याची डबी डॅशबोर्डमागं असते. आतला संपर्क सारखा उघडझाप करतो आणि मीटरला सरासरी १० व्होल्ट देतो, म्हणजे बॅटरी १२ वर असो की चार्जिंगला १४ वर, काटा तोच राहतो. संपर्क चिकटून बसला की मीटरला पूर्ण व्होल्टेज जातं आणि दोन्ही काटे जास्त दाखवतात. उघडाच राहिला तर दोन्ही मरतात. मल्टीमीटर लावल्यावर आकडा सारखा उड्या मारत असेल तर डबी जिवंत आहे, स्थिर १२-१४ असेल तर गेली. बदलण्याआधी तिच्या बॉडीचा अर्थ आणि ती बरोबर बाजू वर करून बसवलीय का एवढं बघा.

मी हल्ली ७८१० हा तीन पायांचा आयसी त्या डबीत बसवतो. १० व्होल्ट नेमके देतो, दोन कपॅसिटर धरून खर्च किरकोळ. निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं मायनस टोक पत्र्याला जोडलेल्या गाडीलाच. जुन्या पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो असाच जोडला तर तत्काळ जातो.

टाकी उघडायची वेळ आली तर

दोष युनिटचा निघाला, आणि तुम्हाला अशा कामाची सवय असेल, तरच पुढं वाचा. पेट्रोल पाव टाकीच्या खाली आणा. बॅटरीची अर्थ तार काढा. गाडी मोकळ्या हवेत, खड्ड्यापासून आणि गॅरेजच्या पिटपासून लांब ठेवा. युनिटभोवतीची माती ब्रशनं झाडून घ्या, नाहीतर ती टाकीत पडते आणि पुढचे सहा महिने कार्ब्युरेटरमध्ये निघत राहते. युनिट सरळ ओढू नका, दांडा तिरका करत अलगद बाहेर काढा. भोक लगेच कापडानं झाका.

पितळी फ्लोट असेल तर पुसून कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल शिरलं असेल तर ते खळखळतं, हाताला वजनही लागतं. शहापूरच्या पद्मिनीवाल्या काकांच्या फ्लोटमध्ये निम्मं पेट्रोल होतं. भोक इतकं बारीक की भिंगातूनही दिसेना. कडकडीत पाण्याच्या भांड्यात, उघड्यावर आणि शेगडीपासून लांब, फ्लोट बुडवला तेव्हा एका शिवणीतून मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं वर यायला लागले. तीच भेगेची जागा. काका माझ्या हातातून फ्लोट घेऊन बराच वेळ बघत राहिले, चाळीस वर्षं हीच गाडी चालवली होती त्यांनी.

अशा फ्लोटला घरी डाग देऊ नका. आत पेट्रोलचा थेंब राहिला तरी तापवल्यावर तो फुटतो. नवीन मिळत असेल तर नवीन घ्या. मिळत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत बारीक ब्रेझिंगची कामं करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे द्या आणि आत पेट्रोल होतं हे आवर्जून सांगा.

बुचाचा फ्लोट असेल तर वेगळा प्रश्न. जुन्या बुचाच्या फ्लोटवर लाखेचा थर असायचा. सुतार पॉलिशसाठी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवतात ते आपण बघतो. इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता पंपावर सगळीकडे तेच मिळतं. आपल्याच चिकोडी-अथणीच्या उसातून निघणारं इथेनॉल टाकीतली लाख धुऊन काढतं, बूच पेट्रोल पिऊन जड होतं, आणि काटा महिन्या-महिन्याला थोडा थोडा कमी दाखवायला लागतो. परत लाख लावून उपयोग नाही. पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा बंद छिद्रांचा फ्लोट त्याच मापाचा बसवा. युनिटचं पॅकिंगही त्याच जातीचं घ्या.

फ्लोट चांगला असेल तर मल्टीमीटर टर्मिनल आणि चकतीला लावून दांडा तळापासून वरपर्यंत सावकाश फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तुटला तर वेटोळं तिथं झिजलंय. बहुतेक गाड्या पाव ते अर्ध्या टाकीवरच फिरतात, म्हणून झीज नेमकी त्याच पट्ट्यात होते आणि काटा तिथंच पडतो. नुसता चिकट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. पॉलिश पेपर इथं लावू नका, केसाएवढी तार आहे ती. खरी झीज असेल तर घासणारी पत्ती चिमट्यानं किंचित बाजूला वळवली की ती वेटोळ्याच्या न झिजलेल्या पट्टीवरून चालते. त्यावर गाडी आणखी कित्येक वर्षं निघते.

आकड्यांची दिशाही लिहून ठेवा. सावकाश जातीच्या ब्रिटिश मीटरचं युनिट रिकाम्या टाकीला साधारण २४० ओम आणि भरलेलीला ३० च्या आसपास देतं. नंतरच्या अमेरिकन धर्तीच्या जीपमध्ये रिकामी ७३, भरलेली १०. जुन्या ब्रिटिश चुंबकी मीटरला रिकामी शून्याजवळ लागते. खानापूरच्या एका जीपचा काटा पेट्रोल भरलं की खाली जायचा. कुणीतरी दुसऱ्याच धर्तीचं युनिट भोकात बसतंय म्हणून बसवलं होतं. अशा वेळी दांडा कितीही वाकवा, उपयोग नाही, मीटर आणि युनिट एका धर्तीचं हवं.

काटा जुळवणं

सगळं नीट झाल्यावर जुळवणीला बसा, त्याआधी नको. गाडी सपाट जागी ठेवा. काटा ‘ई’ला असताना टाकीत चार-पाच लिटर उरलेलं असावं, असं मी जुळवतो. ‘एफ’ थोडा चुकला तरी चालतं, भरलेल्या टाकीनं कुणी रस्त्यात अडकत नाही. म्हणून ‘ई’ आधी साधा आणि ‘एफ’ला जे येईल ते मान्य करा.

पेट्रोल नसताना काटा जास्त दाखवत असेल तर दांडा असा वाकवा की फ्लोट दांड्याच्या मूळ रेषेच्या वर जाईल. तेवढ्याच पेट्रोलला मग दांडा खाली राहतो आणि काटा उतरतो. कमी दाखवत असेल तर उलट. वाकवताना दोन पकडी वापरा, एकीनं वेटोळ्याकडची बाजू घट्ट धरा, दुसरीनं वाकवा, म्हणजे जोर नाजूक भागावर येत नाही. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. फ्लोट टाकीच्या तळाला किंवा भिंतीला घासता कामा नये.

मग युनिट बसवा, गळती बघा, बॅटरी जोडा. इंजिन चालू असताना मीटरला खरं व्होल्टेज मिळतं, म्हणून वाचन तेव्हाच घ्या. पेट्रोल घालताना मात्र इंजिन आणि चावी दोन्ही बंद. मोजून पाच लिटर घाला, इंजिन लावा, दोन मिनिटं थांबा, काटा कुठं आहे ते वहीत लिहा. परत पाच लिटर. आमच्या गाडीच्या वहीत प्रत्येक पाच लिटरला काट्याची जागा लिहिलेली आहे, अर्ध्यानंतर तो जरा भरभर उतरतो हेही त्यात आहे. टाकीचा आकार एकसारखा नसल्यामुळे तसं होतंच, ते वाकवून दुरुस्त करायला जाऊ नका.

इथं थांबा

टाकी गंजून झिरपत असेल तर घरी काही करू नका. आणि कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर टाकी आधी पूर्ण धुऊन, वाफ काढून मगच, आणि असं काम नेहमी करणाऱ्याकडूनच. रिकाम्या टाकीत द्रव नसतो पण वाफ असते, आणि स्फोट वाफेचा होतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा जळतोय, तार हाताला गरम लागतेय, डॅशबोर्डमागून जळका वास येतोय: बॅटरीची तार काढा आणि वायरिंगवाल्याला बोलवा. मीटर स्वतः दोषी ठरलं, म्हणजे तार आणि फ्यूज ठीक असून काटा दोन्ही टोकांना जात नाही, तर ते उघडू नका. काही मीटरांच्या पाठीला जुळवणीची छोटी छिद्रं असतात, त्यात पेचकस घालायचा मोह होतो. मी एक मीटर असं घालवलं आहे. मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या आणि बरोबर युनिटचे मोजलेले ओमचे आकडे लिहून द्या, त्याचं काम निम्मं होतं.

वडिलांच्या गाडीचा अर्थचा बोल्ट मी दरवर्षी मिरगाच्या आधी एकदा काढतो, बसकण चकाकेपर्यंत घासतो आणि व्हॅसलीन लावून परत कसतो.